शेजारच्या घरात 'चिल्ड्रन्स होम' येतंय. इंग्लंडातल्या मंडळींचे अनुभव हवेत

पेनाइनवारा (धागाकर्ता)

मंडळी, आम्ही लँकेशायरातल्या एका लहान गावात राहतो. गल्लीच्या टोकाचं चार बेडरूमचं घर बरेच महिने विक्रीला पडून होतं. आता दिव्याच्या खांबावर काउन्सिलच्या प्लॅनिंग खात्याची नोटीस लागली आहे: राहत्या घराचा वापर बदलून तीन मुलांसाठी 'चिल्ड्रन्स होम'. प्लॅनिंगच्या भाषेत 'सी३' (राहतं घर) मधून 'सी२' (निवासी संस्था). अर्जदार एक खासगी कंपनी.

तेव्हापासून गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटलाय. घरांच्या किमती पडणार, रोज पोलिसांची गाडी येणार, संध्याकाळी मुलींना बाहेर सोडता येणार नाही, जो तो आपापलं भाकीत करतोय. समोरच्या निवृत्त बाई क्लिपबोर्ड घेऊन दारोदार सह्या गोळा करतायत. आमच्या दारातही आल्या. बायकोने चहा दिला, सही दिली नाही, "वाचून सांगते" म्हणाली.

मला यातलं ओ की ठो माहीत नाही. ही मुलं कोण? लोकल ऑथॉरिटीच्या, म्हणजे काउन्सिलच्या, ताब्यातली असतील तर मधे कंपनी कशाला? आणि घर तीन मुलांचं असून नकाशात सहा गाड्यांचं पार्किंग का? हरकत नोंदवायला मुदत थोडी आहे. उपदेश नको, माहिती द्या.

---

कोकणी_काजू

अनाथाश्रम का? इथे अजून असतात? मला वाटलं इथे सगळी मुलं लगेच दत्तक जातात.

---

रात्रपाळी

मी अशाच एका घरात काम करते, नॉर्थ वेस्टमध्येच. त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते.

काजूताई, ही मुलं बहुतेक अनाथ नसतात. आई किंवा बाप, निदान एक तरी, हयात असतो आणि बऱ्याचदा फोनवर असतो. १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये दोन मुख्य रस्ते आहेत. कलम २० खाली आईवडिलांच्या संमतीने मूल काउन्सिलकडे राहतं. कलम ३१ खाली कोर्ट 'केअर ऑर्डर' काढतं आणि पालकत्वाची जबाबदारी काउन्सिलकडेही येते. मारहाण, लैंगिक छळ, घरात दारू-ड्रग्ज, आईला गंभीर मानसिक आजार, मुलाकडे नुसतं दुर्लक्ष, अशी कारणं. सोबत कोणी नसताना समुद्र ओलांडून आलेली निर्वासित मुलंही यात येतात.

मार्च २०२४ मध्ये इंग्लंडात अशी ८३ हजारांच्या वर मुलं होती. त्यातली साधारण दोनतृतीयांश फॉस्टर कुटुंबांत (दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या) राहतात. चिल्ड्रन्स होममध्ये येतात ती बहुधा बारा वर्षांपुढची, दोन-तीन (कधी आठ-दहा) फॉस्टर घरं मोडून आलेली. बाळं दत्तक जातात. चौदा वर्षांच्या, दार लाथेने फोडणाऱ्या मुलाला कोणी दत्तक घेत नाही.

सहा गाड्यांचं सांगते. दिवसा किमान दोन जण कामावर, वर मॅनेजर. सकाळी पाळी बदलताना जुने आणि नवे दोन्ही घरात असतात, त्यात एखादी सोशल वर्कर टपकली की झाल्या सहा. चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस घर चालवायचं तर तीन मुलांमागे आठ-दहा जणांची टीम लागते. रात्री कोणी 'स्लीप-इन' करतं, म्हणजे ऑफिसातल्या कॉटवर झोपतं. त्याचे तासावर पैसे नाहीत, रात्रीची ठरावीक रक्कम. काही घरांत 'वेकिंग नाइट' असते, म्हणजे रात्रभर जागं राहायचं. माझी तीच.

घर आतून साधारण कुठल्याही घरासारखंच ठेवायचा प्रयत्न असतो. पण बघणाऱ्याला कळतं. प्रत्येक दाराला वरती आपोआप बंद करणारा जाड दांडा, आगीच्या नियमासाठी. औषधांचं कुलूपबंद कपाट, एक गोळी दिली तरी दोघांच्या सह्या. दोन पौंडांचं चॉकलेट घेतलं तरी पावती पाकिटात. नव्या मुलाचा पहिला प्रश्न वायफायच्या पासवर्डचा आणि दुसरा, "तुझी शिफ्ट कधी संपते?" हा दुसरा प्रश्न मला अजून सवयीचा झालेला नाही.

---

भोचक_काका

रात्रपाळीताईंचं कौतुक आहे, पण नाण्याची दुसरी बाजू मी सांगतो. आमच्या मागच्या रस्त्यावर असं घर आहे. रात्री दीडला आरडाओरडा, कचऱ्याचे डबे आडवे, पोलिसांची गाडी तर महिन्यात किती वेळा. तक्रार केली की मॅनेजर गोड बोलतो, तीन महिन्यांनी मॅनेजरच बदलतो. पंचवीस वर्षांचं कर्ज काढून घर घ्यायचं आणि शेजारी कंपनीने धंदा थाटायचा? सही करा सरळ.

---

सुलेखा_म

काका, तुमचा त्रास खोटा नाही. पण पोलीस का येतात ते बघा.

मी मिडलंड्समध्ये सोशल वर्कर आहे. ठरलेल्या वेळी मूल घरी आलं नाही तर स्टाफला 'मिसिंग' म्हणून कळवावं लागतं. तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा अकराऐवजी साडेबाराला आला तर तुम्ही दारात उभे राहून शिव्या घालता. इथे पोलिसांकडे नोंद होते, आणि परत आल्यावर बहात्तर तासांत तिऱ्हाईत माणसाने त्याच्याशी बोलायचं असतं. म्हणजे गाडी दिसली की गुन्हाच झाला असं नाही.

दुसरा प्रकार वाईट. पूर्वी ताटली फेकली, दार फोडलं की काही घरं सरळ ९९९ लावायची, आणि ज्यावर तुमच्या-माझ्या घरात फार तर रट्टा मिळाला असता त्यासाठी पोराच्या नावावर गुन्हा चढायचा. यावर इतका आवाज उठला की नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने एक राष्ट्रीय प्रोटोकॉल काढला: केअरमधल्या मुलांना विनाकारण गुन्हेगार ठरवू नका. चांगला मॅनेजर असेल तर पोलिसांना फोन हा शेवटचा उपाय. मॅनेजर सतत बदलणारं घर म्हणजे धोक्याची घंटा, हे मात्र तुमचं अगदी बरोबर. त्याची तक्रार कंपनीकडे करू नका, ऑफस्टेडकडे करा.

---

पेनाइनवारा

धन्यवाद. म्हणजे शाळा तपासतात तेच ऑफस्टेड? आणि कंपनीचा प्रश्न राहिलाच.

---

सुलेखा_म

तेच. नोंदणीशिवाय असं घर चालवणं गुन्हा आहे. वर्षातून किमान एकदा पूर्ण तपासणी, न सांगता. शिवाय नियम ४४ प्रमाणे दर महिन्याला एक बाहेरचा माणूस येऊन मुलांशी बोलतो, नोंदी चाळतो. ऑफस्टेडच्या तपासणीचे अहवाल वेबसाइटवर असतात, पण घराचा पत्ता त्यात नसतो, म्हणून तुम्हाला गावाच्या नावाने सापडणार नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तसं ठेवलंय.

---

हिशेबनीस

कंपनीचं मी सांगतो. एका काउन्सिलच्या (नाव विचारू नका) फायनान्समध्ये माझी बरीच वर्षं गेली, त्यातली बरीचशी मुलांच्या खात्यात.

ऐंशीच्या दशकापर्यंत बहुतेक घरं काउन्सिलची स्वतःचीच होती, आणि मोठी. त्यांचा इतिहास काही अभिमानाचा नाही. स्टॅफोर्डशायरमध्ये मुलांना दिवसचे दिवस खोलीत एकटं डांबायची 'पिनडाउन' नावाची पद्धत होती, तिचा चौकशी अहवाल १९९१चा. नॉर्थ वेल्सच्या घरांतल्या अत्याचारांवरचा वॉटरहाउस अहवाल २०००चा. घरं बंद झाली, काही बदनामीमुळे, काही पैसे वाचवायला. "फॉस्टरिंग स्वस्त आणि चांगलं" हे धोरण झालं. ते चूक नव्हतं, पण फॉस्टर करणारे पुरेनात. ती पोकळी खासगी कंपन्यांनी भरली. आज दर दहातली आठच्या वर घरं खासगी आहेत.

आता गणित. मार्च २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने (सीएमए) या बाजाराचा अभ्यास केला. मोठ्या खासगी कंपन्यांचा चिल्ड्रन्स होमवरचा नफा २०१६ ते २०२० मध्ये सरासरी २२.६ टक्के. त्याच काळात एका मुलामागे आठवड्याचा भाव २,९७७ पौंडांवरून ३,८३० पौंडांवर गेला, महागाई वजा करून. सप्टेंबर २०२५ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने हिशेब मांडला तो त्याहून वरचा: २०२३-२४ मध्ये एका मुलामागे वर्षाला सरासरी ३,१८,४०० पौंड. एकूण खर्च ३.१ अब्ज, पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट.

---

नाशिकचा_नंदू

तीन लाख पौंड??? साडेतीन कोटींच्या वर रुपये, एका पोराला, एका वर्षाला? ईटनच्या बोर्डिंग शाळेत घाला की. पाच पोरं शिकतील तेवढ्यात, वर पंतप्रधान व्हायची सोय.

---

हिशेबनीस

नंदूशेठ, हा विनोद आमच्या खात्यातही होऊन गेलाय. ईटनवाले रात्री तीन वाजता फास घेऊ पाहणाऱ्या मुलीशेजारी बसायला माणूस देत नाहीत, हा फरक. काही मुलांना खरंच एकास दोन स्टाफ लागतो. तरी सगळा खर्च त्यातच जातो असं मी म्हणणार नाही. २२ टक्के आकडा वर दिलाच आहे.

खरी मेख खरेदीत आहे. पुरेशी घरं आपल्याच हद्दीत मिळतील अशी तजवीज करणं काउन्सिलचं कायदेशीर काम आहे (कलम २२जी). प्रत्यक्षात काय होतं? शुक्रवारी दुपारी चारला फॉस्टर बाईंचा फोन: "बस झालं, आज रात्री मी याला ठेवणार नाही." प्लेसमेंट टीम (मुलांना जागा शोधणारी) त्या मुलाची माहिती चार पानांत कोंबते आणि पन्नास-साठ कंपन्यांना ईमेल टाकते. चार पानांत काय, तर आग लावली होती, पळून गेला होता, चावला होता. त्याला चित्रं काढायला आवडतात हे असलंच तर शेवटच्या ओळीत. सातपर्यंत नकार येत राहतात. साडेसातला एक होकार येतो, दोनशे मैलांवरून, आठवड्याला सात हजार. घासाघीस करायला वेळ कुठाय? इंग्लंडात १५३ काउन्सिलं, सगळी त्याच खाटेमागे. शेवटची एसटी सुटताना कंडक्टर म्हणेल तो भाव, तशातली गत.

नाव 'बाजार' पण इथे विकणारा निवडतो. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात जास्त नकार, कारण घरात एक 'अवघड' मूल घेतलं की तपासणीचा शेरा घसरायची भीती.

---

पेनाइनवारा

म्हणजे आमच्या गल्लीत येणारी मुलं आमच्या गावची असतीलच असं नाही?

---

हिशेबनीस

नसण्याचीच शक्यता जास्त. इंग्लंडातली साधारण एक चतुर्थांश चिल्ड्रन्स होम एकट्या नॉर्थ वेस्टमध्ये आहेत, लंडनमध्ये सहा टक्क्यांच्या आसपास. कारण साधं, तुमच्याकडे चार बेडरूमचं घर लंडनच्या वन-बेडच्या भावात मिळतं. कंपनी घर कुठे घेते हे मुलांवर ठरत नाही, घरांच्या किमतीवर ठरतं. मग लंडनचं, केंटचं पोर लँकेशायरात. केअरमधल्या साधारण दर पाच मुलांमागे एक घरापासून वीस मैलांहून लांब आहे.

---

रात्रपाळी

आणि लांब म्हणजे काय ते आम्ही बघतो. शाळा बदलते. जुन्या मानसोपचाराच्या वेटिंग लिस्टवरचं नाव जातं, नव्या गावी पुन्हा शेवटून. आईला महिन्यातून एकदा भेटायचं तर ट्रेनचे पैसे काउन्सिल देते, पण त्या आईला सकाळी उठून तीन गाड्या बदलणं जमत असतं तर मूल केअरमध्ये आलं असतं का? मग भेट रद्द. मूल खिडकीत. त्या रात्रीच डबे आडवे होतात, काका.

रोज रात्री मी प्रत्येक मुलाची नोंद लिहिते. आता बऱ्याच घरांत ती मुलालाच उद्देशून लिहितात. "आज तू शाळेतून आलास आणि थेट खोलीत गेलास. जेवण दारात ठेवलं, ते तू नंतर खाल्लंस." कारण मोठं झाल्यावर ही मुलं आपली फाइल मागवून वाचू शकतात. कधीकाळी वाचणारा तोच असेल हे डोक्यात ठेवून लिहिलं की पेन जपून चालतं.

---

वरणफळ

आम्ही लेस्टरला फॉस्टरिंग करतो. आमच्याकडे आलेली पहिली मुलगी दोन काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांतून आपला संसार घेऊन आली. एका पिशवीत ओले टॉवेल आणि शाळेची सर्टिफिकेटं एकत्र. इथे केअरमधून गेलेल्या कुणालाही विचारा, काळी पिशवी निघतेच. यावर मोहिमा झाल्या, पुष्कळ काउन्सिलांनी आता बॅगा द्यायच्या असं ठरवलंय, तरी घाईत पिशवीच हाताशी येते. आम्ही माळ्यावर दोन सूटकेसी ठेवल्यात, जो जाईल त्याने न्यायची.

हिशेबनीस म्हणतात ते "फॉस्टर करणारे पुरेनात" याबद्दल: देशी कुटुंबांनी थोडा विचार करा. घर भाड्याचं असलं तरी चालतं, एकटी व्यक्ती चालते. मुलासाठी वेगळी खोली मात्र लागते.

---

निवृत्त_सदस्य

मी आमच्या जिल्ह्यात बालकल्याण समितीवर होतो, म्हणून इकडचं थोडं. महाराष्ट्रात नगरपालिका किंवा जिल्हा परिषद मुलाची पालक नसते. २०१५च्या बालन्याय कायद्याखाली समिती (अध्यक्ष आणि चार सदस्य) आदेश देते, मूल बालगृहात जातं, बालगृह बहुतेक स्वयंसेवी संस्थेचं आणि अनुदान महिला व बालविकास खात्याचं. अनुदान कधी येतं ते विचारू नका. एका हॉलमध्ये तीस-चाळीस लोखंडी पलंग, भिंतीला लावलेल्या पत्र्याच्या पेट्या, एक काळजीवाहक, एक स्वयंपाकीण. तीन मुलांना दहा माणसं हे वाचून मी चष्मा पुसला.

मात्र एक गोष्ट इथेही तीच. आमच्यासमोर येणाऱ्या मुलांचेही आईवडील बहुधा असायचे. ऊसतोडीला गेलेले, किंवा बाप गेला आणि आई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करते. जूनमध्ये "साहेब, याला बोर्डिंगात घ्या" म्हणून रांग. बालसंगोपन योजनेत आता महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल नातेवाइकाकडे किंवा एकट्या आईकडेच राहावं म्हणून. ते वेळेवर मिळाले असते तर माझ्यासमोरची निम्मी मुलं संस्थेत गेलीच नसती, असं माझं मत आहे. इंग्लंडात घर मोडायच्या आधी पैसे देतात का?

---

सुलेखा_म

देतात, कलम १७ खाली, 'गरजू मुलां'च्या कुटुंबाला मदत. पण काउन्सिलांचं बजेट कापलं गेलं तेव्हा पहिली कात्री त्यालाच लागली, कारण कोर्टाचा आदेश असलेलं मूल टाळता येत नाही आणि आईला भांडी-कपड्यांत मदत करणारी बाई टाळता येते. मे २०२२ मध्ये या सगळ्या व्यवस्थेचा आढावा घेणारा जॉश मॅकअलिस्टर यांचा अहवाल आला, त्याचा मुख्य मुद्दा हाच. तुमचं निम्म्याचं मत मलाही पटतं, आमच्याकडे निम्मी नसतील पण बरीच.

---

भोचक_काका

सगळं खरं. पण शेवटी भुर्दंड रस्त्यावरच्या लोकांना. सरकारने स्वतः घरं बांधावीत, चांगली माणसं नेमावीत, मी पहिला टाळ्या वाजवीन. नफेखोर कंपनीसाठी मी का सोसू?

---

हिशेबनीस

काका, यावर आपलं जमलं बघा. वेल्सने २०२५ मध्ये कायदाच केला: मुलांच्या केअरमधून खासगी नफा टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचा. इंग्लंडने तेवढी उडी मारली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आणलेल्या विधेयकात गरज पडली तर नफ्याला मर्यादा घालायचा अधिकार ठेवलाय. काही काउन्सिलं पुन्हा स्वतःची घरं उघडतायत. माझा सल्ला विचाराल तर पैसा तिथे घाला. पण घर विकत घ्यायला, मॅनेजर शोधायला, नोंदणीला मिळून दीडदोन वर्षं जातात, आणि मूल शुक्रवारी चारलाच येतं.

नोंदणीचं घर न मिळाल्यावर काय होतं तेही सांगून टाकतो. सोळाखालच्या मुलांना तपासणीबाहेरच्या जागी ठेवण्यावर सप्टेंबर २०२१ पासून बंदी आहे. तरी नाइलाज म्हणून सुट्टीची कॉटेज, कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन एजन्सीचे दोघे सोबत बसवायचे, हे होतं. सगळ्यात महाग आणि सगळ्यात वाईट. त्यापुढे तुमच्या गल्लीतलं नोंदणीकृत घर कधीही बरं.

---

नकाशेवाला

उशिरा आलो. प्लॅनिंग हा माझा धंदा, म्हणून पेनाइनवारांच्या मूळ प्रश्नाकडे.

मुलं एकटी 'कुटुंब' होऊ शकत नाहीत आणि पाळीने येणारा स्टाफ तिथे राहत नाही. २००३ मध्ये नॉर्थ डेव्हन प्रकरणात कोर्टाने हे सांगितलं. म्हणून असं घर सी३ न राहता सी२मध्ये जातं. पण वर्ग बदलला म्हणजे दरवेळी परवानगी लागतेच असं नाही, फरक लक्षणीय असेल तर लागते. तुमच्याकडे पूर्ण अर्ज आलाय, उत्तम, म्हणजे बोलायला जागा आहे.

हरकतीत काय चालत नाही: घराची किंमत. शून्य वजन. "असली मुलं नकोत" लिहाल तर अधिकारी ते बाजूला ठेवेल, आणि पत्र वेबसाइटवर तुमच्या नावासकट चिकटेल. गुन्ह्याची भीती ठोस पुराव्याशिवाय टिकत नाही. काय चालतं: पार्किंग, पाळी बदलायच्या वेळा, मुलांना बागेत पुरेशी जागा, आवाज, एकाच रस्त्यावर अशा घरांची गर्दी. शिवाय मे २०२३ मध्ये मंत्र्यांनी संसदेत लेखी निवेदन केलंय की अशा घरांच्या अर्जांना प्लॅनिंग खात्याने योग्य ते वजन द्यावं. म्हणजे सरसकट नकाराची आशा ठेवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर विरोध किंवा पाठिंबा असं न लिहिता अटी मागितल्या असत्या. मुलांची संख्या तीनवर बांधा. मॅनेजमेंट प्लॅन मागा, त्यात शेजाऱ्यांना फोन करायला एक नंबर. पाळी बदलायची वेळ शाळेच्या वेळेशी टक्कर घेणार नाही अशी ठेवा.

---

पेनाइनवारा

अपडेट. कंपनीने गावच्या हॉलमध्ये लोकांना भेटायला बोलावलं होतं. बिस्किटं चांगली होती. वीसेक माणसं, अर्ध्यांचे हात छातीवर बांधलेले. होणारी मॅनेजर आली होती, बाई सरळ वाटली. लेव्हल ५ (मॅनेजरचा डिप्लोमा) आहे, आधीच्या घरात बराच काळ होती असं म्हणाली. कंपनीचा माणूस मात्र स्लाइड्स दाखवत राहिला.

मी एकच विचारलं, इथल्या काउन्सिलशी जागांचा करार आहे का? उत्तर: "आम्ही सर्व भागीदारांशी सकारात्मक चर्चेत आहोत." पुन्हा विचारलं, हो की नाही. नाही.

समोरच्या बाईंनी त्यावर सगळ्यांसमोर विचारलं, मग ही मुलं कुठून आणणार? तोपर्यंत त्यांच्या डोक्यात फक्त "कोण मुलं" होतं, "कुठली" हा प्रश्न आला नव्हता. मॅनेजर म्हणाली, जी काउन्सिलं जागा मागतील तिथून, पण मी जुळणी बघितल्याशिवाय घेणार नाही, नवं मूल आधीच्या मुलांना झेपेल का ते पाहते. ते मला आवडलं.

नकाशेवाल्यांनी सांगितलं तसं पत्र टाकलंय. संख्या तीन, फोन नंबर, पाळ्यांच्या वेळा, आणि इथल्या मुलांना आधी जागा द्यावी. शेवटची अट धरतील का?

---

नकाशेवाला

अवघड आहे. मूल कुठलं यावर प्लॅनिंगची अट घालणं कायद्यात टिकवायला कष्ट पडतात. पण काउन्सिलच्या मुलांच्या विभागाचं मत मागवा असं पत्रात असेल तर अधिकाऱ्याला ते विचारावं लागेल, आणि "आमच्याकडे या घराची गरज नाही" असं ते म्हणाले तर फाइलवर चढतं. टाकलं नसेल तर आज रात्री पुरवणी पाठवा.

---

वरणफळ

एक राहून गेलं. सगळे लहानपणीचं बोलतायत, अठरा झाल्यावर काय? फॉस्टर घरातलं मूल २०१४ पासून एकवीसपर्यंत तिथेच राहू शकतं, दोघांची तयारी असेल तर. चिल्ड्रन्स होममधल्या मुलाला ती सोय नाही. अठरावा वाढदिवस म्हणजे केक आणि किल्ली. हातात घर लावायला तीन हजार पौंडांपर्यंत भत्ता, पंचवीस वर्षांपर्यंत एक पर्सनल ॲडव्हायझर. आमच्याकडून गेलेला एक जण पहिल्या आठवड्यात फोन करून विचारत होता, वॉशिंग मशीनच्या पावडरचा कप्पा कुठला. जवळपास फ्लॅट देऊन जुन्या स्टाफशी संबंध ठेवायची 'स्टेइंग क्लोज' योजना आहे, पण ती तुमच्या काउन्सिलने घेतली असेल तरच.

---

निवृत्त_सदस्य

इथेही अठराला बालगृहाचं दार बंद. अनुरक्षणगृहात जागा मिळाली तर पुढे काही वर्षं. अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, पण त्याला अनाथ असल्याचा दाखला लागतो आणि आई हयात असलेल्या मुलाला तो सहज मिळत नाही. तीच मधली मुलं लोंबकळतात.

---

नाशिकचा_नंदू

ताई, हे काम करायला शिक्षण काय लागतं? भाचीला मानसशास्त्रात डिग्री आहे, मँचेस्टरला नवऱ्याबरोबर आहे, घरी कंटाळलीये.

---

रात्रपाळी

डिग्री लागत नाही. पोलीस तपासणी (डीबीएस) कडक होते, भारतात राहिली असेल तर तिकडचंही प्रमाणपत्र मागतात. कामाला लागल्यापासून दोन वर्षांत लेव्हल ३ डिप्लोमा करावा लागतो. बहुतेक घरांना ड्रायव्हिंग लायसन्स हवं असतं. पगार किमान वेतनाच्या थोडा वर, बस्स. तिला खरं सांगा, पहिल्या महिन्यात शिव्या खाव्या लागतील आणि त्यातल्या निम्म्या कळणार नाहीत. मी कोल्हापूरला शाळेत शिकवायचे, वाटायचं पोरं सांभाळता येतात आपल्याला. इथे पहिल्या रात्री एका मुलाने मला ऑफिसात कोंडून बाहेरून फ्रिज लावला. सकाळी तोच टोस्ट करून घेऊन आला. फ्रिजबद्दल अवाक्षर नाही.

---

कोकणी_काजू

मी रेडिंगला आहे. नोकरी नको, पण वाचून काहीतरी करावंसं वाटतंय. फॉस्टरिंगला घरात खोली नाही. दुसरं काही?

---

सुलेखा_म

'इंडिपेंडंट व्हिजिटर' व्हा. ज्या मुलाला घरचं कोणी फारसं भेटत नाही त्याला काउन्सिलने असा माणूस द्यायचा असतो. काम एवढंच: महिन्यातून साधारण एकदा भेटायचं, बोलिंग, सिनेमा, पिझ्झा, नदीकाठी चक्कर, जे त्याला हवं ते. पैसे मिळत नाहीत, खर्च मिळतो. डीबीएस होईल, थोडं प्रशिक्षण असतं, आणि बहुतेक ठिकाणी निदान एक-दोन वर्षं थांबायची तयारी आहे का ते विचारतात. ते नीट विचार करूनच हो म्हणा. मुलाला नको असेल तर जबरदस्ती होत नाही, दुसरं मूल बघतात.

तुमच्या काउन्सिलच्या साइटवर शोधा, कुठे काउन्सिल स्वतः चालवते, कुठे एखादी चॅरिटी. अर्ज टाकून महिना झाला तरी उत्तर आलं नाही तर फोन करा, अशा अर्जांच्या मागे लागावं लागतं. गाडी नसली तरी चालतं.